एलएसआय ९२११-८आय: कार्ड ठणठणीत, तरी अपग्रेडनंतर आठही डिस्क गायब

पंखे फिरतायत, ट्रेवरचे दिवे लागलेत, सर्व्हर बूटही होतो. पण ‘एलएसबीएलके’ या कमांडने डिस्कची यादी काढली तर त्यात फक्त बूटची एसएसडी. डेटाच्या आठपैकी एकही डिस्क नाही. सेंटओएस ७ या लिनक्स आवृत्तीचा पाठिंबा ३० जून २०२४ रोजी संपला. त्यावरून रेड हॅट ८ किंवा ९ च्या घराण्यात उडी मारताना ज्यांच्या यंत्रात एलएसआयचे ९२११-८आय हे सर्व्हरला डिस्क जोडणारे कंट्रोलर कार्ड किंवा त्याचे भाऊबंद बसलेले आहेत, त्यांना हा धक्का बसतो. पहिली शंका कार्डावर येते, दुसरी केबलवर आणि तिसरी डिस्कवर. बहुतेकदा तिघेही निर्दोष असतात. तेव्हा हे परीक्षण कार्डाचे आहेच, पण त्याहून जास्त ते कोणत्या ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर नांदते आणि कुठे नाही याचे आहे.

आधी कार्ड. आत एसएएस २००८ ही चिप, पीसीआय एक्सप्रेस २.० ची आठ लेन, दोन एसएफएफ-८०८७ जोडण्या, आणि प्रत्येक जोडणीतून चार म्हणजे एकूण आठ डिस्क. प्रत्येक पोर्टचा वेग सेकंदाला ६ गिगाबिट. आधीच्या पिढीतली १०६८ई चिप २ टेराबाइटच्या पुढची डिस्क ओळखत नाही, हिला ती अडचण नाही. एक फिरती हार्ड डिस्क सेकंदाला २००-२५० मेगाबाइट देते, म्हणजे आठ मिळून २ गिगाबाइटच्या आसपास. स्लॉटची कागदावरची मर्यादा ४ गिगाबाइट. त्यामुळे हार्ड डिस्कसाठी हे कार्ड आजही पुरून उरते. आठही जागी साटा एसएसडी लावल्या तर मात्र कार्डच गळा आवळते. डेलचे पर्क एच२०० व एच३१० आणि आयबीएमचे एम१०१५ यांच्यातही हीच चिप आहे, त्यामुळे जुन्या सर्व्हर-मालाच्या बाजारात ही सगळी एकाच ढिगाऱ्यात मिळतात.

मग डिस्क जातात कुठे? लिनक्समध्ये या चिपचा ड्रायव्हर पूर्वी एमपीटी२सॅस होता. कर्नल (लिनक्सचा गाभा) ४.४ पासून तो एमपीटी३सॅसमध्ये विलीन झाला, आणि मूळ कर्नलमध्ये तो एसएएस २००८ ला अजून ओळखतो. म्हणून डेबियन, उबंटू, प्रॉक्समॉक्स यांच्यावर हे कार्ड बिनबोभाट चालते. मे २०१९ मध्ये आलेल्या रेड हॅट ८ ने मात्र याच ड्रायव्हरमधून जुन्या चिपचे पीसीआय क्रमांक (ज्यांवरून ड्रायव्हर कार्ड ओळखतो) काढून टाकले. ड्रायव्हर आहे, तो लोडही होतो, पण १०००:००७२ हा क्रमांक समोर आला की हात लावत नाही. मेगारेड सॅस या ड्रायव्हरमधून पर्क एच७०० चा १०००:००७९ आणि मूळ फर्मवेअरवरच्या एच३१० चा १०००:००७३ गेले. एचपीएसए या ड्रायव्हरमधून एचपीच्या स्मार्ट अरे पी४१० कार्डांची पिढी गेली, म्हणून प्रोलायंट डीएल३८० जी६-जी७ वालेही याच रांगेत उभे आहेत. कंपनीची बाजू अशी की जे तपासून बघत नाही, त्याला पाठिंबा देणार नाही. ती पटतेही. पण चालणाऱ्या ड्रायव्हरमधून नेमके क्रमांक काढायचे आणि इन्स्टॉलरच्या पडद्यावर त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही, हे काही बरे नव्हे.

खात्री करायला पाच मिनिटे पुरतात. ‘एलएसपीसीआय’ ही कमांड ‘-एनएनके’ पर्यायासह चालवा. कार्डाची ओळ आणि चौकटी कंसात १०००:००७२ दिसले, तर कार्ड स्लॉटमध्ये जिवंत आहे. ती ओळच नसेल तर गोष्ट वेगळी: कार्ड काढून परत बसवा, स्लॉट बदला, बायॉसमध्ये तो स्लॉट बंद तर नाही ना ते पाहा. ओळ आहे, पण तिच्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ हे वाक्य नाही, तर दोषी सापडला. तरीही मन मानत नसेल तर डेबियनची लाइव्ह पेनड्राइव्ह लावून बूट करा. तिथे आठही डिस्क दिसल्या की केबल उपसत बसण्याचे कारण उरत नाही.

ड्रायव्हर कामाला लागलाय, तरी डिस्क नाहीत, असेही होते. तेव्हा ‘डीमेसेज’मध्ये (कर्नलच्या नोंदींत) ‘एमपीटी२सॅस_सीएम०’ने सुरू होणाऱ्या ओळी वाचा. ड्रायव्हरचे नाव एमपीटी३सॅस असले तरी या चिपसाठी तो नोंदी जुन्याच नावाने करतो, त्यामुळे शोधताना चुकीचे नाव घातले तर काहीच सापडत नाही आणि माणूस भलत्या निष्कर्षाला येतो. त्या ओळींत फर्मवेअरची आवृत्तीही मिळते. चारच डिस्क गायब असतील तर एकाच एसएफएफ-८०८७ केबलकडे बोट दाखवा. सॉफ्टवेअरचा घोटाळा असा नेमका चार-चारच्या हिशेबाने सहसा होत नाही.

आता जे करायचे नाही ते. डिस्क दिसत नाहीत म्हणून ‘अरे’ (अनेक डिस्क एकत्र बांधलेला संच) नव्याने ‘क्रिएट’ करू नका, डिस्कवरच्या खुणा पुसणारे ‘वाइपएफएस’ चालवू नका, इन्स्टॉलरने डिस्क ‘इनिशियलाइझ’ करू का विचारले तर नाही म्हणा. डेटा जागच्या जागी आहे, फक्त दार बंद आहे.

खरा घात दोन ठिकाणी होतो. पहिले ठिकाण एफस्टॅब, म्हणजे बूट होताना कोणत्या डिस्क कुठे माउंट करायच्या याची यादी. तिथे डेटाच्या ओळीत ‘नोफेल’ (डिस्क नसली तरी अडू नको) नसेल तर बूट सांभाळणारे सिस्टिमडी दीड मिनिट वाट पाहून सर्व्हर इमर्जन्सी मोडमध्ये टाकतो. त्रास होतो, पण तो सुरक्षित त्रास आहे. ‘नोफेल’ असेल तर सर्व्हर हसतमुखाने उठतो, माउंटची जागा रिकामी फोल्डर म्हणून उभी राहते, आणि रात्रीचा बॅकअप त्या फोल्डरमध्ये म्हणजे बूटच्या एसएसडीवर ओतला जातो. सकाळी रूट फाइलसिस्टिम शंभर टक्के भरलेली. उपाय सोपा: डिस्क माउंट नसताना त्या रिकाम्या फोल्डरवर ‘सीएचअ‍ॅटर +आय’ ही कमांड लावून ते कुलूपबंद ठेवा. माउंट झाल्यावर त्याची आडकाठी होत नाही, आणि माउंट नसेल तर कोणालाच तिथे लिहिता येत नाही.

दुसरे ठिकाण मिरर, म्हणजे दोन डिस्कवर एकच डेटा. प्रत्येक जोडीतली एक डिस्क मदरबोर्डच्या साटा पोर्टवर आणि दुसरी या कार्डावर, अशी रचना हौसेने केली जाते. एक कंट्रोलर गेला तरी काम चालू राहावे म्हणून. अपग्रेडनंतर कार्ड अदृश्य होते, एमडी अरे (लिनक्सचे सॉफ्टवेअर रेड) सुमारे ३० सेकंद थांबून अर्ध्या डिस्कवर सुरू होते आणि लिहायलाही लागते. कोणाला पत्ता नाही. आठवड्याने कार्ड परत दिसू लागले की जुन्या डेटाच्या आणि नव्या डेटाच्या अशा दोन फळ्या समोरासमोर असतात. तेव्हा घाईने जबरदस्तीचा ‘-फोर्स’ लावू नका. ‘एमडीअ‍ॅडम -एक्झॅमिन’ने प्रत्येक डिस्कचा ‘इव्हेंट्स’ आकडा पाहा. मोठा आकडा तो ताजा. त्या अर्ध्याला अरे म्हणून उभे करा आणि बाकीच्या डिस्क एकेक करून त्यात परत जोडा. उलट आठही डिस्क याच कार्डावर असतील तर अरे सुरूच होत नाही, म्हणून काही बिघडतही नाही. या बाबतीत सगळी अंडी एका टोपलीत असलेली परवडली.

उपाय तीन आहेत, आणि ते सारख्या लायकीचे नाहीत.

सगळ्यात कमी कटकटीचा आल्मालिनक्स, रेड हॅटच्याच घराण्यातला. मे २०२४ मध्ये आलेल्या ९.४ आणि ८.१० या आवृत्त्यांत त्यांनी रेड हॅटने काढलेले क्रमांक आपल्या कर्नलमध्ये परत घातले. एमपीटी३सॅस, मेगारेड सॅस आणि एचपीएसए तिन्ही त्यात आले. वेगळे पॅकेज नाही, इन्स्टॉल करतानाच डिस्क दिसतात. सेंटओएस ७ वरून जागच्या जागी चढायचे असेल तर त्यांचेच एलिव्हेट हे साधन आहे. ते रेड हॅटच्या लीप या अपग्रेड-साधनावर आधारलेले आहे आणि आधी ‘प्रीअपग्रेड’ची फेरी मारून अहवाल देते. तो ‘व्हार/लॉग/लीप’मध्ये पडतो. ‘इनहिबिटर’ (अपग्रेड अडवणारी गोष्ट) असे लिहिलेली प्रत्येक नोंद वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. रेड हॅटचाच परवाना असण्याची सक्ती नसेल, तर या कार्डासाठी आमची शिफारस हीच.

दुसरा इएलरेपोचा केमॉड, म्हणजे वेगळा मिळणारा ड्रायव्हर. ही स्वयंसेवकांची फुकट सेवा आहे आणि वर्षानुवर्षे चोख चालली आहे. इन्स्टॉल करताना त्यांची ‘डीडी-एमपीटी३सॅस’ नावाची छोटी आयएसओ पेनड्राइव्हवर घ्या आणि बूटच्या ओळीत ‘आयएनएसटी.डीडी’ लिहा. पेनड्राइव्हचे लेबल ‘ओईएमडीआरव्ही’ ठेवले तर इन्स्टॉलर ती आपणहून उचलतो. आयएसओ तुमच्या नेमक्या पॉइंट आवृत्तीची हवी, ८.६ ची ८.९ ला लावून भागत नाही. आधीच चालू असलेल्या सर्व्हरवर इएलरेपो जोडून ‘केमॉड-एमपीटी३सॅस’ घातले की झाले. मात्र सिक्युअर बूट (फक्त सही असलेलेच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असेल तर हा ड्रायव्हर मुकाट्याने नाकारला जातो. त्यांची किल्ली ‘मॉकयूटिल’ने आयात करावी लागते आणि पुढच्या रीबूटला निळ्या पडद्यावर स्वतः मान्यता द्यावी लागते. सर्व्हर दूरच्या डेटा सेंटरमध्ये असेल तर आधी रिमोट कन्सोल चालतो का ते तपासा, नाहीतर त्या पडद्यासमोर बसायला कोणीतरी पाठवावे लागेल. शेवटी बूटच्या वेळी आधी लोड होणाऱ्या फाइलींची यादी देणाऱ्या ‘एलएसआयएनआयटीआरडी’त एमपीटी३सॅस आले का पाहा, नसेल तर ‘ड्रॅकट -एफ’. बूटची डिस्कच या कार्डावर असेल तर ही पायरी विसरणे म्हणजे सर्व्हर न उठणे.

या सेवेची उणीव एकच, पण ती दर सहा महिन्यांनी भेटते. पॉइंट आवृत्ती बदलली की कर्नलचे अंतर्गत सांधे बदलू शकतात आणि जुना केमॉड नव्या कर्नलवर चढत नाही. म्हणजे डिस्क पुन्हा गायब. तेव्हा ग्रबच्या (बूटच्या वेळच्या) यादीतून आधीचा कर्नल निवडा (साधारणपणे तीन ठेवलेले असतात) आणि नवा केमॉड येईपर्यंत ‘व्हर्जनलॉक’ने कर्नल अडकवून ठेवा. आपोआप अपडेट चालू ठेवून केमॉड वापरणे हा उपद्व्याप करू नये.

तिसरा उपाय म्हणजे पिढी बदलणे: ९३००-८आय, एसएएस ३००८ चिप, पीसीआय एक्सप्रेस ३.०, १२ गिगाबिट. रेड हॅट ८ आणि ९ तिला निमूटपणे ओळखतात. फक्त जोडणी एसएफएफ-८६४३ असते, तेव्हा जुन्या ८०८७ केबल बसणार नाहीत. कार्डाबरोबर दोन केबलही मागवा. खोका उघडून सर्व्हर बंद केल्यावर हे लक्षात येणे फार महाग पडते.

९२११ चा मोठेपणा या अदलाबदलीत कळतो. कार्ड आयटी फर्मवेअरवर (जे रेड न करता डिस्क सरळ पुढे देते) असेल तर ते डिस्कवर स्वतःचे काहीच लिहीत नाही. त्यामुळे डिस्क जशाच्या तशा ९३०० वर लावा, एमडी किंवा झेडएफएस ही फाइलसिस्टिम त्यांना ओळखते. साटा डिस्क असतील तर मदरबोर्डवरही चालतील. पर्क एच७०० वर हार्डवेअर रेड बांधलेल्यांना ही चैन नाही. त्यांच्या डिस्क साध्या कार्डावर लावून डेटा सरळ मिळत नाही, त्यांना ड्रायव्हरच परत आणावा लागतो.

आणखी एक सापळा, ज्याचा कार्डाशी काडीचा संबंध नाही. रेड हॅट घराण्याची आवृत्ती ९ नव्याने इन्स्टॉल केली, ‘एलएसबीएलके’त सगळ्या डिस्क दिसतात, पण ‘पीव्हीएस’ आणि ‘व्हीजीएस’मध्ये जुना व्हॉल्यूम ग्रूप नाही. आवृत्ती ९ मध्ये एलव्हीएम (डिस्कचे गट बांधणारी व्यवस्था) ‘सिस्टम.डिव्हाइसेस’ या फाइलीत नोंदलेल्याच डिस्ककडे बघते, आणि इन्स्टॉलर त्यात स्वतः वापरलेल्याच डिस्क लिहितो. ‘व्हीजीइम्पोर्टडिव्हाइसेस -ए’, मग ‘व्हीजीचेंज -एवाय’. दोन कमांडचे काम आहे, पण यापायी चांगली कार्डे बदलली जातात.

वापरलेले कार्ड लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन घेणार असाल तर फर्मवेअर विचारा. आयटी, पी२० ही आवृत्ती आणि त्यातही २०.००.०७.०० हवे, पी२० चे सुरुवातीचे २०.००.००.०० त्रासदायक होते. स्वतः चढवणार असाल तर कार्डावरच्या स्टिकरवरचा एसएएस पत्ता आधी लिहून घ्या. ‘सॅस२फ्लॅश’ने जुने पुसल्यावर नवे चढेपर्यंत रीबूट करू नका. नव्या मदरबोर्डवर डॉसमधून चालवले तर ‘पाल’ सुरू होत नाही अशी तक्रार येते. मग यूईएफआय शेलमधली आवृत्ती वापरा. बूट रॉम चढवला नाही तर बूटचा वेळ वाचतो, फक्त त्या कार्डावरून बूट करता येत नाही. डेल-आयबीएमच्या भावंडांपैकी एखादे डेस्कटॉप बोर्डवर लावले आणि यंत्र उठेनासे झाले किंवा रॅम कमी दिसू लागली, तर स्लॉटमध्ये जाणाऱ्या कार्डाच्या कडेवरचे बी५ आणि बी६ हे दोन संपर्क उष्णता सोसणाऱ्या टेपने झाका. कार्ड आणि बोर्ड यांच्यातली एसएमबस या जोडणीवरची भांडणे तिथेच मिटतात.

चिपवरच्या हीटसिंकला पंखा नसतो, ती सर्व्हरच्या वाऱ्यावर जगते. टॉवर कॅबिनेटमध्ये बसवणार असाल तर चार सेंटिमीटरचा पंखा त्याच दिवशी घ्या.