कायमची हद्द की सरकती हद्द?

नदीकाठच्या किंवा किनाऱ्यालगतच्या जमिनीची हद्द ठरवायची दोन तऱ्हांनी. एकतर मोजणी करून अक्षांश-रेखांशांत पक्की करायची, नाहीतर पाणी जिथवर तिथवर, असं म्हणून सोडून द्यायची.

सरकत्या हद्दीमागचा कायदा जुना आहे. गाळ हळूहळू साचला तर जमीन काठावरच्या मालकाची, हळूहळू खचली तर नुकसानही त्याचंच. पण पुरात नदीने एका रात्रीत पात्र बदललं, तर अनेक देशांच्या कायद्यात हद्द जुन्याच जागी राहते. खरी गोम इथेच आहे. समुद्राची पातळी वाढते संथपणे, किनारा मात्र अनेकदा एका वादळात तुटतो. मग याला हळूहळू म्हणायचं की अचानक? वकिलांची सोय झाली, एवढंच.

पक्क्या हद्दीत हा वाद कमी. जमीन पाण्याखाली गेली तरी नोंद उरते, आणि पुनर्वसनाच्या वेळी हातात कागद असतो. उलट बाजू अशी की बुडालेल्या तुकड्याची साराआकारणीही चालूच राहू शकते, आणि पाणी आत सरकलं की लोकांचा सामाईक किनाराच नाहीसा होतो.

देशांच्या पातळीवर कल पक्क्या हद्दीकडे दिसतो: पॅसिफिक बेटराष्ट्रांनी 2021 मध्ये जाहीर केलं, की समुद्र वाढला तरी आमची सागरी क्षेत्रं आक्रसणार नाहीत.

माझं मत विचाराल तर मालकीची नोंद पक्की असावी, वापराचे नियम मात्र पाण्याबरोबर सरकावेत. कूळ आणि तोंडी कराराने कसणारे मात्र बऱ्याचदा दोन्ही नकाशांत नसतात.