‘ब्रॅट्स’ बघायचंय? १९३० चं की १९३७ चं?

आपल्या जाड्या-रड्याची, म्हणजे हार्डी-लॉरेलची, ‘ब्रॅट्स’ ही वीसेक मिनिटांची बोलकी फिल्म. निर्माता हॅल रोच, दिग्दर्शक जेम्स पॅरट. बायका बाहेर गेल्यात, बाप घरी पोरं सांभाळताहेत, एवढीच गोष्ट. गंमत ही की पोरंही हेच दोघं! त्यासाठी खुर्च्या, पलंग, बाथटब असं सगळं अवाढव्य बनवून घेतलं होतं.

विकत घ्यायला किंवा ऑनलाइन बघायला गेलात की दोन ‘ब्रॅट्स’ समोर येतात. फरक मुख्यतः कानाला कळतो. १९३० साली या फिल्मचा आवाज ग्रामोफोनसारख्या तबकडीवर असायचा, रिळागणिक एक तबकडी. १९३७ मध्ये फिल्म पुन्हा लावली तेव्हा तिच्यात संगीतकार लेरॉय शील्डच्या चाली भरल्या. रोचच्या कितीतरी फिल्म्समध्ये त्याच चाली वाजतात, त्यामुळे पहिल्यांदा बघतानाही ओळखीचं वाटतं. टीव्हीवर आणि कॅसेटवर वर्षानुवर्षं हीच आवृत्ती फिरली. मूळ तबकड्यांचा आवाज २०२० च्या ब्लू-रे संचात परत ऐकू आला.

मी लहानपणापासून संगीतवालीच बघत आलो, म्हणून मूळ आवाज लावला तेव्हा आधी वाटलं, स्पीकर बिघडला की काय. मग सुरुवातीचा चेकर्सचा, म्हणजे पटावरच्या सोंगट्यांचा, डाव लक्ष देऊन पाहिला. रड्या विचार करतोय, जाड्या वाट बघतोय आणि खाली काहीच वाजत नाही. ती शांतता हळूहळू असह्य होते आणि हसू तिथेच फुटतं. संगीत असलं की ते आपल्या वतीने आधीच खुदखुदून घेतं. शेवटच्या बाथरूमच्या दाराचंही तसंच. तिथे काय होतं ते सांगत नाही.

पण जुन्या आवाजात खरखर आहे, संवाद मधूनच दबतात. शिवाय घोडा आणि पेन्सिलवरची कोटी इंग्रजी शब्दावर बेतलेली आहे, ती निसटली तर गंमत गेली. घरात सात-आठ वर्षांची पोरं असतील तर सरळ १९३७ ची लावा. चालीच्या ठेक्यावर ती वीस मिनिटं जागची हलत नाहीत. एकट्याने, रात्री, हेडफोन लावून बघणार असाल तर १९३० ची. आणि संच घेताना पाठीमागे मूळ तबकडीचा आवाज असल्याचं लिहिलंय का ते बघून घ्या, कारण नुसतं ‘रिस्टोअर्ड’ छापलेलं असलं तरी आत १९३७ चीच निघू शकते.