दीड टनाचा आर-३२ वाला एसी, एक उन्हाळा वापरून झाल्यावर

कंपनीचं नाव मुद्दामच सांगत नाही कारण या रेंजमधे सगळे उन्नीस-बीस आहेत. इन्व्हर्टर स्प्लिट, ५ स्टार. नागपूरचा मे त्याने व्यवस्थित काढला, कूलिंग मस्त, बिल जुन्या एसीपेक्षा कमी, आउटडोरचा आवाज मात्र दुपारी जरा जास्तच येतो. बस, मशीनबद्दल एवढंच, मला बोलायचंय ते आतल्या थंड करणाऱ्या गॅसबद्दल, म्हणजे या आर-३२ बद्दल, कारण दुकानात वायफाय अन फोर-वे स्विंग तोंडपाठ सांगणाऱ्या सेल्समनला गॅस कुठला विचारलं तर म्हणे "सर, इको फ्रेंडली आहे". बरं, पण किती?

माझा जुना एसी आर-२२ वर चालायचा. तो गॅस ओझोनला खातो आणि वरून कार्बन डायऑक्साइडच्या साधारण १८०० पट तापवतो. मग आर-४१०ए आला, ओझोनला सेफ, पण तापवण्यात २००० च्याही वर! आर-३२ चा आकडा ६७५. कमी आहे, मान्य, पण हिरवं पान छापण्याइतका नक्कीच नाही.

आणि हे बदल कंपन्यांना झाडाझुडपांचं प्रेम आलं म्हणून झालेले नाहीत बरं का. ओझोनला खाणारे गॅस बंद करायचा १९८७ चा मॉन्ट्रियल करार, संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने पुढाकार घेऊन घडवलेला, तिथून हे सगळं सुरू होतं. भारत-चीन आधी अडून बसले होते की घाण तुम्ही केली, आता कारखाने बदलायचा खर्च आम्ही का करायचा, आणि माझ्या मते बरोबरच होतं ते. १९९० ला लंडनच्या बैठकीत श्रीमंत देशांच्या पैशातून फंड ठरला, मग १९९२ ला आपण सामील झालो. बाकीच्या हवामान परिषदांमधे नुसती भाषणं ऐकून कंटाळा येतो, इथे मात्र कुठला गॅस कधी बंद याच्या तारखा आहेत आणि बदलायला पैसा पण आहे, म्हणून हे चाललं असं मला वाटतं.

२०१६ ला रवांडातल्या किगालीत तापवणारी आर-४१०ए, आर-३२ वगैरे मंडळी पण याच कराराच्या यादीत घेतली. भारताने २०२१ ला मान्यता दिली, आपल्याला २०२८ पासून या गॅसच्या वापरातली वाढ थांबवायची आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के कपात करायचीय. म्हणजे आज शोरूममधे जो लेटेस्ट म्हणून विकतात तो पण पाहुणाच.

आर-२९० चा पर्याय आहे, म्हणजे प्रोपेन, आपल्या सिलिंडरमधल्या गॅसचा भाऊबंद, तापवण्याचा आकडा नगण्य. गोदरेजने २०१२ लाच त्याचे एसी काढले होते. पण पेटतो, त्यामुळे हाताळणारा माणूस शिकलेला पाहिजे आणि माझ्या भागात तसा कोणी मिळेना, म्हणून मी आर-३२ वरच थांबलो. (हा पण थोडाफार पेटतो, सेल्समनने हे पण नाही सांगितलं.)

खरी बोंब इन्स्टॉलेशनची. आलेला पोरगा व्हॅक्यूम पंप न आणताच आला, म्हणे थोडा गॅस सोडून पाइपमधली हवा काढतो, सगळेच असं करतात. तिकडे किगालीत रात्र रात्र जागून करार करा आणि इकडे आमच्या गच्चीवर भुस्सकन गॅस सोडा! परत पाठवला, दुसऱ्या दिवशी पंप घेऊन आला, तोंड पाडूनच. तुम्ही पण पंप लावल्याशिवाय गॅस उघडू देऊ नका, हवा आणि ओल आत राहिली तर कूलिंग बोंबलतं आणि कॉम्प्रेसरची पण वाट लागते.

कूलिंगला ५ पैकी ४, इन्स्टॉलेशनला २. आणि जुन्या आर-२२ च्या एसीत आर-३२ भरून मिळेल का विचारणाऱ्यांसाठी, नाही, याचं प्रेशर खूप जास्त असतं, कोणी भरून देतो म्हणाला तर त्याला जिन्यातूनच परत पाठवा.