दफ्तर, वस्ती की आकडेवारी? धर्म आणि राजकारणावर पीएचडी करणाऱ्यांसाठी

धर्म, समाज आणि राजकारण यांच्या नात्यावर पीएचडी करायचं ठरवलेल्यांचे आराखडे वाचायला मिळतात, तेव्हा एक गोष्ट हमखास दिसते. विषयावर दहा पानं खर्ची पडलेली असतात आणि संशोधन पद्धती 'गुणात्मक व संख्यात्मक' एवढ्यात उरकलेली असते. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार हातात कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं असतात. ती कुठे आणि कशी जाणार, हे खरं तर याच ओळीवर ठरतं.

दफ्तर म्हणजे जुने कागद, वस्ती म्हणजे माणसांत जाऊन केलेलं काम, आणि आकडेवारी, या तिन्ही वाटा एकाच विषयावर घासून बघू. विषय घेऊ १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची धम्मदीक्षा आणि त्यानंतरचा महाराष्ट्रातला बौद्ध समाज. धर्म बदलणं ही इथे उघड राजकीय कृती होती, आणि आज तीन पिढ्यांनंतरही तिचे परिणाम मोजता येतात, वाचता येतात, बघताही येतात.

आकडेवारी

सुरुवातीला ही वाट सगळ्यांत सोपी वाटते. १९५१ च्या जनगणनेत देशभरात बौद्ध होते सुमारे १.८ लाख. १९६१ मध्ये ते ३२ लाखांवर गेले आणि त्यातले जवळपास २८ लाख एकट्या महाराष्ट्रात होते. २०११ मध्ये देशातल्या सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाख महाराष्ट्रातले. एवढं घरबसल्या मिळतं आणि पहिलं प्रकरण झोकात सुरू होतं.

गोची पुढे आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये त्यात शीख आले, आणि बौद्ध आले थेट १९९० मध्ये. राज्याच्या सवलती त्याआधीपासून असल्या, तरी केंद्राच्या नोकरीसाठी दाखला लागायचा तो हिंदू म्हणून. त्यामुळे घरात बुद्धवंदना आणि शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू महार' अशी कुटुंबं गावोगाव होती, अजूनही आहेत. प्रगणक दारात आल्यावर यातलं काय सांगायचं, हा त्या घरापुरता एक राजकीय निर्णयच असतो. म्हणजे जनगणनेचा आकडा नुसता पुरावा म्हणून वापरता येत नाही. त्या आकड्याचीही चौकशी करावी लागते.

नमुना सर्वेक्षणांचं दुखणं वेगळं. प्यू रिसर्च सेंटरनं २०१९-२० मध्ये भारतात सुमारे ३० हजार लोकांशी समोरासमोर बोलून धर्माविषयी मोठं सर्वेक्षण केलं. त्यात बौद्ध होते ७१९. त्यांच्यापैकी साधारण एक तृतीयांश लोकांनी आपण देव मानत नाही असं सांगितलं. बाकी धर्मांच्या लोकांच्या तुलनेत हे प्रमाण फारच मोठं आहे, आणि दीक्षेच्या वेळच्या, हिंदू देव न मानण्याच्या बावीस प्रतिज्ञा माहीत असलेल्याला त्याचं नवलही वाटणार नाही. पण याच ७१९ जणांतून विदर्भ वेगळा, मराठवाडा वेगळा, बायका वेगळ्या काढायला गेलात, तर हाती मूठभर माणसं उरतात आणि त्यांच्यावर निष्कर्षाचा इमला उभा राहत नाही. स्वतः सर्वेक्षण करायचं म्हटलं, तर एकट्या विद्यार्थ्याच्या आवाक्यात तीनचारशे प्रश्नावल्या येतात. त्यांच्या टक्केवाऱ्या काढून प्रबंध जाड होतो, एवढंच.

दफ्तर

मुंबईला काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य अभिलेखागार, पुण्याचं आणि कोल्हापूरचं पुराभिलेखागार, शिवाय जुन्या ग्रंथालयांतल्या वृत्तपत्रांच्या फायली. या विषयाला लागणारं बरंच साहित्य छापलेलंही आहे. बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड राज्य सरकार १९७९ पासून काढत आलं आहे. 'मूकनायक', 'बहिष्कृत भारत', 'जनता' आणि १९५६ पासूनचा 'प्रबुद्ध भारत' एवढी पत्रं ओळीनं वाचली, तरी एक पूर्ण काळ डोळ्यांपुढे उभा राहतो.

दफ्तराची खरी ताकद क्रमात आहे. हिंदू म्हणून मरणार नाही ही बाबासाहेबांची येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची आणि नागपूरची दीक्षा १९५६ ची. मधली एकवीस वर्षं कुठल्याही सर्वेक्षणात सापडणार नाहीत. कोणता धर्म, कधी, कोणाशी बोलणी, आपल्याच लोकांचा विरोध कुठून आला, हे सगळं महिन्यामहिन्यानं कळतं ते कागदांतूनच. महार वतनाच्या, म्हणजे गावकीच्या वंशपरंपरागत कामाच्या प्रश्नात शिरलात तर जुने गावपातळीचे कागद मोडी लिपीत मिळतील. मोडी शिकायला काही महिने जातात, आणि ते मुदतीत आधीच धरावे लागतात. 'नंतर शिकून घेईन' म्हणणारे सहसा शिकत नाहीत.

दफ्तराला एक डोळा मात्र नसतो. सरकारी कागद सभेकडे बंदोबस्ताच्या नजरेनं बघतो आणि वृत्तपत्र व्यासपीठावरच्या माणसांची नावं देतं. मांडवात बसलेल्या बाईनं घरी जाऊन देव कसे काढले, सासूला काय सांगितलं, हे कोणी लिहून ठेवत नाही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या बायकांना प्रत्यक्ष भेटून 'आम्हीही इतिहास घडवला' हे १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेलं पुस्तक केलं, म्हणून तो इतिहास आपल्याला मिळाला.

वस्ती

माझा कल इकडेच आहे, हे लपवत नाही. धर्म आणि राजकारण एकमेकांत कसे मिसळतात हे बघायचं असेल, तर चौदा एप्रिलच्या आधीचा महिना एखाद्या जयंती समितीच्या बैठकांना बसा. वर्गणी किती आणि कोणाकडून घ्यायची, मिरवणूक कोणत्या आळीतून न्यायची, डीजे की लेझीम, बॅनरवर कोणत्या पुढाऱ्याचा फोटो आणि केवढा. दोन गटांच्या दोन जयंत्या का निघतात, हेही तिथेच कळतं. पंचायतीची निवडणूक जवळ असेल तर बोलायलाच नको.

घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब असतात. कुठे कुठे खंडोबाचा टाक मात्र पेटीच्या तळाशी गुंडाळून ठेवलेला असतो, नाहीतर भावकीतल्या कोणाकडे दिलेला असतो. 'तुम्ही जुने देव पूजता का?' असं प्रश्नावली पुढे करून विचारलंत, तर उत्तर 'नाही' येणार. ते खोटं नसतं, पण पुरतंही नसतं. टाकाची गोष्ट निघते ती ओळख मुरल्यावर, बहुधा म्हातारीकडून आणि मुलगा बाहेर गेल्यावर. इरावती कर्वे वारीत चालल्या, म्हणून एकाच दिंडीतल्या ब्राह्मण आणि मराठा बायका वेगवेगळ्या जेवतात हे त्यांना दिसलं. अभंगांच्या गाथा वाचून ते कळलं नसतं.

या वाटेची किंमत मोठी आहे. पहिला प्रश्न 'आडनाव काय?' हाच येतो आणि त्याच्या उत्तरावर पुढची बरीचशी दारं उघडतात किंवा लागतात. वस्तीतलाच मुलगा असेल तर त्याला सगळं सांगतात, पण त्यानं ते छापावं ही अपेक्षा नसते. बाहेरच्याला सभ्य, ठरीव उत्तरं मिळतात. नावं बदलून ओळख लपते हाही भाबडेपणाच. राखीव जागेवरची माजी सरपंच बाई गावात एकच असते.

मग निवडायचं काय?

तालुक्याच्या कॉलेजात शिकवत पीएचडी करणाऱ्याला मुंबईच्या दफ्तरात महिनेच्या महिने बसणं परवडत नाही. त्यानं एकच तालुका धरावा आणि वस्तीच्या कामालाच तिथले कागद जोडावेत. विहाराच्या नोंदवह्या, जयंती समितीची जुनी पावतीपुस्तकं आणि स्मरणिका, ग्रामपंचायतीच्या ठराववह्या, शाळेचं जनरल रजिस्टर. हे कागद कुठल्याच अभिलेखागारात नाहीत आणि दर पावसाळ्यात त्यातले थोडे भिजून जातात. जनगणना पार्श्वभूमीपुरती ठेवावी. पूर्णवेळ फेलोशिप असेल, मुंबई-पुण्यात राहायची सोय असेल आणि माणसांत मिसळायचा मुळात कंटाळा असेल, तर दफ्तर बिनदिक्कत निवडावं. फक्त आकडेवारीवर जायचं असेल तर संख्याशास्त्र पक्कं हवं आणि मार्गदर्शकही त्यातला जाणता हवा.

मार्गदर्शकाची परीक्षा 'शोधगंगा' या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर करता येते. त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध उघडा आणि पद्धतीचं प्रकरण आधी वाचा. तीनचार प्रबंधांत तेच परिच्छेद फक्त जिल्ह्याचं नाव बदलून आलेले दिसले, तर आपला अर्ज दुसरीकडे द्या.