अमेरिकेचा रिपोर्ट आणि आमच्या घरचा थर्मास

संध्याकाळ झाली की आईची डावी पापणी खाली यायची. भाकरी चावता चावता जबडा थकायचा, मग ताट तसंच ठेवून ती पंधरा मिनिटं गप्प बसायची. सकाळी पुन्हा ठणठणीत. नागपुरात धंतोलीतल्या न्यूरोलॉजिस्टना मायस्थेनिया ग्रॅव्हिसचा संशय आला. या आजारात आपल्याच शरीरातल्या अँटिबॉडी नसेकडून स्नायूकडे जाणारा निरोप मधेच अडवतात. त्यातल्या नेहमीच्या, एसिटिलकोलीन रिसेप्टर अँटिबॉडीची तपासणी केली, ती निगेटिव्ह आली. डॉक्टर म्हणाले, आजार अंगभर पसरलेला असला तरी शंभरात पंधराएक जणांची ही तपासणी निगेटिव्ह येते, आता 'मस्क' ही दुसरी अँटिबॉडी बघू. चिठ्ठीवर त्यांनी नाव लिहिलं. ती कुठे होते, हे विचारायचं मला सुचलं नाही.

ओळखीच्या मेडिकलवाल्याने एक नंबर दिला. फोनवरचा माणूस मोठा गोड बोलणारा. "भाऊ, हे आपल्या इकडे होतच नाही. मुंबईवालेबी बाहेरच पाठवून राहिले. तिकडे पन्नास हजार लागतात, आपलं टायअप आहे म्हणून सोळात बसते." अमेरिकेतल्या एका लॅबचं नाव त्याने सांगितलं. मी शोधलं, तर लॅब खरी, मोठी, नावाजलेली. माझं समाधान झालं. लॅब खरी असली म्हणून हा माणूस तिचा ठरतो का, एवढा साधा प्रश्न शिकल्यासवरल्या माणसाला पडू नये! 16,000 रुपये यूपीआयने पाठवले, तेही कुठल्या कंपनीच्या नाही, एका माणसाच्या नावावर. 'कस्टमला लागते' म्हणून आईचं आधारही पाठवलं.

14 मे. पारा चव्वेचाळीसच्या पुढे. दुपारी दीडला अ‍ॅक्टिव्हावर एक पोरगा आला, पाठीवर कॉलेजची असते तसली सॅक. जांभळ्या झाकणाच्या दोन ट्यूब भरल्या आणि म्हणाला, "काकू, थर्मास आहे का घरी?" आईने शेगावला जाताना चहा नेतो तो स्टीलचा थर्मास दिला, वर फ्रिजमधला बर्फही भरून दिला. पोरगा ट्यूब त्यात टाकून निघून गेला. अमेरिकेला जाणारं रक्त आमच्या चहाच्या थर्मासमध्ये निघालंय, हे डोळ्यांसमोर दिसत असून मी त्या पोराला ताक पाजत होतो.

आज मला माहीत आहे ते तेव्हा असतं तर दारातच सगळं कळलं असतं. या तपासणीला सीरम लागतं, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरतं ते पिवळसर पाणी. त्यासाठी रक्त लाल किंवा पिवळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये घेतात, अर्धा तास गोठू देतात, मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचं सीरम वेगळं काढतात. जांभळ्या ट्यूबमध्ये ईडीटीए असतं, ते रक्त गोठूच देत नाही. सीबीसीला, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या साध्या तपासणीला, ती ट्यूब ठीक. आणि विमानाने जाणारा नमुना तीन आवरणांत जातो: न गळणारी ट्यूब, तिच्याभोवती ओल शोषणारा कापूस घालून दुसरा बंद डबा, त्यावर मजबूत खोकं. खोक्यावर चौकटीत यूएन 3373 हा, आत तपासणीचा नमुना आहे हे सांगणारा आकडा. सोबत डॉक्टरांची सही असलेला फॉर्म. आमच्याकडे यातलं एकही नव्हतं.

20 तारखेला व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ आलं. निगेटिव्ह. मी इतका खूश झालो की डॉक्टरांची ठरलेली तारीख अलीकडे आणावी असंही वाटलं नाही. आईला म्हटलं, काही नाही, उन्हाचा अशक्तपणा आहे, इलेक्ट्रॉल पी. ती बिचारी पीत राहिली. जूनच्या पहिल्या आठवड्यात एका रात्री साधं वरण तिच्या घशात अडकलं. माझी बायको पाठ चोळत होती आणि मी नुसता उभा.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, मग पुन्हा वाचला. नमुना घेतला 14 मे, लॅबला पोचला 15 मे. "नागपूरहून अमेरिकेला एका दिवसात? आमचं औषध इतवारीतून यायला दोन दिवस लागतात." नमुन्याचा प्रकार 'सीरम'. तारखा आपल्यासारख्या, आधी दिवस मग महिना. अमेरिकन माणूस महिना आधी लिहितो. पुढे मी स्वतः एक गोष्ट शोधली. तिथल्या लॅबना 1988 च्या कायद्याखाली क्लिया प्रमाणपत्र लागतं. त्याचा क्रमांक दहा अक्षरांचा असतो आणि त्यात तिसरं अक्षर 'डी'. आमच्या रिपोर्टवर नऊ नुसते आकडे होते. डॉक्टरांनी लॅबला मेल केला. उत्तर आलं की असा नमुना क्रमांक त्यांच्याकडे नाही, आणि खातं नसलेल्या कुणाकडून ते नमुने घेतच नाहीत.

मस्कची तपासणी शेवटी रामदासपेठेतल्या एका कलेक्शन सेंटरवर झाली. पिवळी ट्यूब, सेंट्रिफ्यूज, पक्की पावती, आणि पैसे जवळपास निम्मे. म्हणजे परदेशी जायची गरजच नव्हती. तीन ठिकाणी फोन केले असते तर कळलं असतं, पण 'इकडे होतच नाही' या वाक्यावर मी शंकाही घेतली नाही. यावेळी पॉझिटिव्ह आली. श्वासाच्या स्नायूंपर्यंत गेलं नव्हतं हे नशीब, असं डॉक्टर म्हणाले. आता उपचार सुरू आहेत.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली. तिकडच्या माणसाने पहिला प्रश्न विचारला, पैसे कधी गेले? तीन आठवडे झाले म्हटल्यावर तो क्षणभर थांबला. लगेच कळवलं तर पुढच्या खात्यात पैसे अडवता येतात, इतक्या दिवसांनी खात्यात काय राहणार. आधारचं बायोमेट्रिक मी त्याच दिवशी लॉक केलं. मेडिकलवाला म्हणतो, मलाबी कोणीतरी नंबरच दिला होता. तो नंबर आता बंद आहे.

हे सगळं आईला सांगितलं तेव्हा तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "पोलिसांना थर्मासचं लिहून दिलंस का?"