क्रेऑन आणि लिअर: दोन चुकलेले निवाडे

प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीसच्या ‘अँटिगनी’तला क्रेऑन आणि शेक्सपिअरचा लिअर. दोघेही राजे, दोघांनीही आपल्याच न्यायाने घर उद्ध्वस्त केलं. पण चूक एकाच जातीची नाही.

लिअर माणसं ओळखण्यात चुकतो. गोड बोलणाऱ्या दोन मुलींना राज्य, खरं बोलणाऱ्या कॉर्डेलियाला घराबाहेरची वाट. हा रागाच्या भरातला निवाडा. त्याची कीव येते.

क्रेऑनचं मात्र मला भय वाटतं, कारण त्याच्या हातात तत्त्व आहे. शहरावर चालून आलेल्या पॉलिनायसीसला दफन नाही, हा त्याचा हुकूम. भावाला माती देणारी अँटिगनी त्याची सख्खी भाची, मुलाची वाग्दत्त वधू. तरी तो ढळत नाही. मुलगा हेमन समजावू पाहतो, तर त्यालाच ‘बाईचा गुलाम’ म्हणतो आणि अँटिगनीला जिवंत गुहेत कोंडतो. आंधळा भविष्यवेत्ता टायरेसियस याच्या इशाऱ्यानंतर नमतो खरा, पण आधी प्रेताची व्यवस्था करतो, मग गुहेकडे जातो. तोवर अँटिगनीने गळफास घेतलेला असतो. पाठोपाठ हेमन, मग राणी युरिडिसी.

लिअरला निदान कॉर्डेलियाची क्षमा मिळते. युरिडिसी मरताना क्रेऑनला शाप देऊन जाते.