लिलाव तोच, पण बोली कोणाची? शिरूर की साउथ ऑस्ट्रेलिया

भाची एम.ए. हिस्ट्रीला आहे. गाइडने सांगितलंय की वसाहतकाळातला शेतीचा एखादा जिल्हा घे, तिथे जमीन कशी विकली गेली, लिलाव कसे व्हायचे आणि निवडणुकीच्या राजकारणात त्याचं काय झालं ते बघ. तिने दोन पर्याय काढलेत, एक आपला पुणे जिल्ह्यातला शिरूर-भीमथडी भाग आणि दुसरा पार तिकडे साउथ ऑस्ट्रेलियाचा उत्तरेकडचा गव्हाचा पट्टा. काळ जवळजवळ तोच, १८६५ ते १८८२. आता मी काही प्रोफेसर नाही, वकिलांकडे सर्च रिपोर्टची (जमिनीच्या मालकीचे जुने कागद तपासायची) कामं करतो, तीस वर्षं खरेदीखतं आणि फेरफार बघण्यात गेली, म्हणून तिने मामाला विचारलं असावं. महिनाभर रात्री बसून वाचलं, ते इथे टाकतोय, अजून कोणाला असंच ठरवायचं असेल तर उपयोग होईल. पुढे 'तू' म्हटलंय ते भाचीलाच.

पहिलं म्हणजे लिलाव या शब्दाने फसू नकोस. शब्द एकच, पण दोन्हीकडे विकणारा वेगळा आणि विकत घेणाराही वेगळा.

साउथ ऑस्ट्रेलियात लिलाव करायचं सरकार. १८३६ ला वसाहत सुरू झाली तीच या कल्पनेवर की जमीन फुकट वाटायची नाही, विकायची, आणि त्या पैशातून इंग्लंडहून मजूर आणायचे. एकराला कमीत कमी १ पाऊंड, ८० एकरांचे तुकडे, आणि रोख. रोख म्हटल्यावर साधा शेतकरी पैसेवाल्यापुढे मार खायचा, म्हणून १८६९ ला स्ट्रँगवेज कायदा आला: ६४० एकरांपर्यंत उधारीवर घ्या, पाचवा हिस्सा आधी भरा, बाकीचे चार वर्षांनी. अट अशी की घेणाऱ्याने तिथे राहायचं. आणि अट आली की पळवाट आलीच, दुसऱ्याच्या नावावर जमीन उचलायची, त्याला तिकडे डमी म्हणायचे, आपल्याकडे बेनामी म्हणतात तोच प्रकार. एक गोष्ट मात्र डिझर्टेशनमध्ये ठळक लिही, ज्या जमिनीची बोली लागत होती ती नगाद्जुरी वगैरे तिथल्या मूळ रहिवाशांची होती, आणि त्यांना कोणी विचारलं नव्हतं, पैसे देणं तर लांबच.

आता शिरूर. इथे लिलाव कोर्टाचा. सावकार कर्जरोख्यावर दावा लावणार, शेतकरी तारखेला जाणार नाही (जाऊन बोलणार काय, रोख्यावर अंगठा त्याचाच), एकतर्फी हुकूमनामा (कोर्टाचा निकाल), मग दरखास्त (त्याच्या वसुलीचा अर्ज), जप्ती, दवंडी आणि लिलाव. बोली लावायला बरेचदा हुकूमनामावाला सावकारच, कारण गावात दुसऱ्या कोणाकडे पैसा नाही आणि असला तरी त्याच्याविरुद्ध बोली लावायची कोणाची छाती नाही. म्हणजे जमीन मातीमोल भावाने त्याच्याच घशात. वर १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साधा रोखा तीन वर्षांत बाद व्हायला लागला. कायदा केला शेतकऱ्याच्या भल्यासाठी, पण झालं उलटंच, दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा, ५० चे १०० कधी झाले ते कळायचंही नाही.

शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावची गोष्ट तर तुला पहिल्या पानावर घेता येईल. १८७४ च्या शेवटी तिथल्या काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुखांवर हुकूमनामा मिळवला. कर्ज किती, तर दीडशे रुपये. आणि हाती आलेलं त्यांचं घर पाडायला घेतलं. देशमुख म्हणजे गावातलं मानाचं घराणं. गावाने सावकारावर बहिष्कार घातला, पाणी नाही, न्हावी नाही, काम करायला माणूस नाही. ते लोण आजूबाजूच्या गावांत गेलं आणि १२ मे १८७५ ला सुप्याच्या आठवडी बाजारात भडका उडाला. पुणे आणि नगर मिळून ९५१ जणांना पकडलं, ५०१ जणांना शिक्षा. पण लोकांनी मागितलं काय तर कागद. बऱ्याच ठिकाणी रोखे दिले, ते जाळले, की जमाव घरी. माझ्यासारख्या कागदं उलगडून पोट भरणाऱ्या माणसाला हे वाचून जरा गार वाटलं, खोटं कशाला सांगू.

फक्त सगळं पाप सावकाराच्या माथी मारून मोकळी होऊ नकोस. दंग्याच्या चौकशीला बसलेल्या सरकारी कमिशनचा कल दोष सावकारांना आणि कोर्टांना देण्याकडे जास्त होता, सरकारने वाढवलेल्या शेतसाऱ्याबद्दल ते बेताने बोलतात. अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू होतं तोवर कापसाला सोन्याचा भाव होता आणि सावकार घरी येऊन कर्ज देत होते, १८६५ ला युद्ध संपलं, भाव पडला, उधारी आटली, आणि नेमका त्याच सुमारास इंदापूरपासून नवा बंदोबस्त, म्हणजे साऱ्याची नवी आकारणी, लागून सारा चढायला लागला. तीन गोष्टी एकदम गळ्याशी आल्या.

उधारीत आणि पावसात दोन्ही जागा सारख्या वाटतात, पण बघ. साउथ ऑस्ट्रेलियात सावकार म्हणजे सरकारच. १८६५ च्या दुष्काळात सर्व्हेअर जनरल गॉयडर घोड्यावरून फिरला, कुठे खारी झुडपं सुरू होतात ते बघत, आणि नकाशावर रेघ मारली, याच्या उत्तरेला गव्हाच्या भानगडीत पडू नका. मग सत्तरच्या दशकात चांगले पाऊस झाले आणि सगळे म्हणायला लागले की नांगर गेला की पाऊस मागून येतो. १८७४ ला रेघ कायद्यातून काढून टाकली, पार २६ अक्षांशापर्यंत जमीन खुली. गावं आखली, प्लॉट लिलावाला काढले. एका गावाचं नाव तर फरीना ठेवलं, लॅटिनमध्ये पीठ. १८८० पासून दुष्काळ पडला आणि आज तिथे दगडी भिंती उभ्या आहेत, पीठ काही निघालं नाही.

रेघ कोणी पुसली? इथेच मतदानाचा मुद्दा येतो, आणि माझ्या मते तुझा सगळा विषय इथे आहे. साउथ ऑस्ट्रेलियात १८५६ पासून सज्ञान पुरुषांना खालच्या सभागृहासाठी मत होतं, तेही गुप्त. म्हणजे जमीन मागणारा शेतकरी हाच मतदार. एबेनेझर वॉर्डसारखे पत्रकार-कम-आमदार त्यांची बाजू घेऊन भांडत होते, आणि गॉयडर बिचारा एकटा, त्याच्याकडे झुडपं होती, मतं नव्हती. चुकीचा निर्णयही मतांनीच झाला हे विसरू नको. पण दुष्काळ पडल्यावर त्याच मतांनी सवलती मिळाल्या, जमीन परत करून कमी दराने पुन्हा घ्यायची सोयसुद्धा झाली.

शिरूरच्या शेतकऱ्याला मत कुठे होतं? त्याने रोखे जाळले तेव्हा कमिशन बसलं, आणि कायदा व्हायला १८७९ उजाडलं, तोही व्हाइसरॉयच्या कौन्सिलात, जिथे त्याने निवडून दिलेला एकही माणूस नव्हता. त्याच वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड याच मुलखात झालं. कायदा तसा वाईट नव्हता: पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांत कोर्टाने रोख्याच्या मागे जाऊन मूळ हिशोब बघायचा, कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचं नाही, आणि जमीन खास गहाण लिहून दिली नसेल तर लिलावाला काढायची नाही. त्यावर सावकारांनी काय केलं? गहाणखताऐवजी सरळ खरेदीखतच लिहून घ्यायला लागले, परत देण्याचं तोंडी. ही असली खतं मी स्वतः पाहिलीत, वर खरेदी, आत कर्ज, आणि तिसरी पिढी कोर्टात.

मतपेटी इकडे फार उशिरा आली. १८८४ ला लोकल बोर्डं आली पण मतदार मोजके, १९२० च्या निवडणुकीतही ठरावीक रकमेच्या वर सारा भरणाऱ्यालाच मत, तेव्हा कुठे सत्यशोधक जलसे गावोगाव फिरून सावकार-भटजीवर बोलत मतांचं राजकारण करायला लागले. म्हणून शिरूर घेतलंस तर निवडणुकीचं प्रकरण तुला १८८२ च्या पुढे ओढावं लागेल. एक चांगला टप्पा मध्ये आहे, १९०१. सारा थकला म्हणून सरकारने खालसा (जप्त) केलेली जमीन परत देताना विकता येणार नाही अशा शर्तीवर द्यायचा कायदा मुंबई कौन्सिलात आणला, आणि फिरोजशहा मेहता, गोखले वगैरे सभात्याग करून बाहेर पडले. आजही सातबाऱ्यावर नवीन शर्त लिहिलेलं दिसतं ना, त्याचं मूळ तिथे आहे.

कागदांचं म्हणशील तर तिकडे आराम आहे. साउथ ऑस्ट्रेलियाची जुनी वर्तमानपत्रं ट्रोव्ह नावाच्या साइटवर फुकट आहेत, निवडणुकीतली भाषणं कॉलमच्या कॉलम छापलेली, आणि शेजारीच दिवाळं निघालेल्या शेतकऱ्याच्या सामानाच्या लिलावाची जाहिरात, घोडे, नांगर, कापणीचं यंत्र, घरातलं फर्निचर. हॉस्टेलच्या बेडवर बसून काम होईल. मालकीचा प्रश्नही तिथे सुटसुटीत, टॉरेन्स नावाच्या तिथल्या पुढाऱ्याने १८५७ ची निवडणूकच या मुद्द्यावर लढवली आणि १८५८ पासून सरकारी रजिस्टरमधली नोंद म्हणजेच मालकी. आपला सातबारा अजूनही फक्त अनुमानाचा पुरावा, म्हणजे उलटं सिद्ध होईपर्यंतच खरा, त्यावर माझं घर चालतं ही वेगळी गोष्ट. शिरूरसाठी कमिशनचा रिपोर्ट इंग्रजीत मिळेल, पण खरे रोखे मोडीत, आणि दप्तरात बसून धूळ खावी लागेल.

मग काय घेऊ? सहा महिनेच असतील आणि मोडी येत नसेल तर डोळे मिटून साउथ ऑस्ट्रेलिया, त्यातही १८७२ ते १८८२ एवढंच, त्या रेघेभोवती. निवडणुकीचा भाग तिथे भरपूर आहे, शिरूरमध्ये त्याच दशकात तुला निवडणूक शोधूनही सापडणार नाही. पण मला विचारशील तर तू शिरूर घ्यावंस. मतदान नसलेल्या जिल्ह्यात राजकारण कसं चालतं, बहिष्कार, अर्ज, जाळपोळ, हाही निवडणुकीइतकाच मोठा विषय आहे, गाइडला तसं पटवता येईल. दोन्हीची तुलना मात्र नको करूस, एम.ए.ला पेलायचं नाही.

आणि आजीच्या ट्रंकेत आपलं एक खरेदीखत आहे, मोडीतलं, स्टॅम्प राणीचा, ते वर खरेदी आत कर्ज असावं असा मला बरीच वर्षं संशय आहे. शनिवारी मोडी वाचणाऱ्या काकांकडे घेऊन चाललोय. येणार असशील तर सकाळी ८ ला स्वारगेटला ये.